माळवं नाही, असं लिहिलं होतं

रत्नागिरीतल्या एका खासगी लॅबमध्ये मी चौतीस वर्षं लोकांच्या रक्ताकडे बघत काढली. त्यामुळे माणसांच्या बोलण्यावर माझा विश्वास जरा बेताचाच आहे. 'गोड पूर्ण बंद केलंय हो' असं गळ्याला हात लावून सांगणारे गृहस्थ आणि त्यांची साखर यांची गाठ मी रोज सकाळी घालून देत असे. माणूस सारवासारव करतो, रक्त करत नाही, हे माझं लाडकं वाक्य. ते वाक्य घेऊन मी नांदेडला गेले आणि परत येताना त्यात थोडी दुरुस्ती करून आणली. ही दुरुस्ती कुणी केली, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

जाण्याचं कारण माझी भाची मृणाल. ती पुण्यात संशोधन करते. गरोदर बाई नीट खाते आहे की नाही हे तिच्या रक्तावरून किती कळतं, हा तिचा विषय. खाल्लेलं अन्न रक्तात खुणा ठेवतं. पालेभाज्या खाणारीच्या रक्तात पाल्यातला पिवळा रंग उतरतो. दूध-अंडी पोटात जात नसतील तर बी-बारा जीवनसत्त्व खाली येतं. आमच्याकडच्या बायकांच्या रक्तात तर माशांची चरबी सापडते. मृणाल प्रत्येक बाईकडून आधी एक फॉर्म भरून घ्यायची, मग रक्त घ्यायची आणि दोन्हींचा मेळ घालायची. भादव्यात तिने मुखेड तालुक्यात अशी पहिली फेरी केली होती.

मेळ बसला नाही. सगळ्यात जास्त बिघाड सत्तावीस नंबरमध्ये होता. फॉर्म म्हणत होता : माळवं, म्हणजे मृणालच्या हिशेबी भाजी, नाही, फळं नाही, दूध नाही, आणि खाली शेरा, 'आहार अपुरा'. रक्त म्हणत होतं की या बाईइतका पाला दुसरं कुणी खातच नाही. मृणालच्या वरिष्ठांनी सांगून टाकलं, ट्यूबा बदलल्या असणार, सत्तावीस काढून टाक. मृणालचा फोन आला तेव्हा ती रडायच्या बेतात होती.

"मावशी, मी बदललेल्या नाहीत गं. आणि खरंच बदलल्या असतील, तर कुठेतरी एक बाई आहे जिच्या रक्तात काही नाही आणि मी तिला सगळं छान आहे म्हणून सांगणार आहे. तू चल. तू नुसती ट्यूब बघितलीस तरी सांगशील."

आता एवढं चढवल्यावर कोण नाही म्हणेल? माझं जुनं हाताने फिरवायचं यंत्र पेटाऱ्यातून काढलं. रक्ताच्या ट्यूबा त्यात घालून दांडा गरागरा फिरवला की लाल पेशी खाली बसतात आणि वर स्वच्छ पाणी राहतं. लॅबमध्ये विजेचं आलं तेव्हा हे भंगारात जात होतं, मी घरी आणलं होतं. त्याला एका पिशवीत घातलं, दुसऱ्या पिशवीत खोबऱ्याच्या वड्या, आणि निघाले.

नांदेड

स्टेशनवर मृणालबरोबर खलीलभाई उभे होते. आमच्या जीपचे मालक आणि चालक. वडील-आजोबा नांदेडच्या जुन्या वस्तीत भांड्यांना कल्हई करायचे. कल्हई गेली तशी खलीलभाईंनी गाडी घेतली. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, बोलायला एकदम मोकळे. त्यांनी माझी पिशवी उचलली, आतलं यंत्र चाचपलं आणि खूश झाले.

"बाई, तुम्ही शेवयाची मशीन सोबत घेऊन फिरून राहिल्या?"

"रक्ताची आहे," मी म्हटलं.

पिशवी त्यांनी थोडी लांब धरली. पण त्या दिवसापासून यंत्राचं नाव शेवयाची मशीनच पडलं. खरं तर चूक त्यांची नव्हती. टेबलाला पकड घालून दांडा फिरवायचा, दोन्हीचं सारखंच.

आमची खोली विष्णुपुरीकडे होती. खिडकीतून धरणाचं पाणी दिसायचं. मी समुद्राकाठची, मला पाण्याचं काय कौतुक, अशा तोऱ्यात होते. पण सकाळी त्या गोदावरीच्या पाण्यावर धुकं उतरलं होतं आणि पलीकडचा काठ हळूहळू उगवत होता. मी चहा थंड होईपर्यंत बघत राहिले. आमचा समुद्र असा गप्प कधी बसत नाही.

दुपारी खलीलभाईंनी घरी जेवायला नेलं. त्यांच्या बायकोने, शमीमभाभींनी, तहरी केली होती, पिवळाधमक मसालेभात. सोबत आंबट वरण आणि अंबाडी घालून केलेलं मटण. माशांवर वाढलेल्या माणसाला इथे उपास घडेल अशी माझी समजूत होती. तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा मृणालने टेबलाखालून माझा पाय दाबला.

"खाऊ द्या ना," शमीमभाभी म्हणाल्या, "अंबाड्याला कोनी नको म्हनतं का?"

तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पण आमचं अख्खं कोडं त्या वाटीतच होतं. पाला मटणाच्या पोटात लपला होता. कुणी मला विचारलं असतं की आज भाजी खाल्ली का, तर मी सरळ नाही म्हटलं असतं.

मुखेडकडे

लोह्याच्या पुढे रस्ता मोकळा होतो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तीत हरभरा, करडई, मधूनच पोटरीला आलेली ज्वारी. आमच्याकडे डोळ्यांना दर शंभर पावलांवर डोंगर आडवा येतो. इथे नजर जी सुटते ती थांबतच नाही. मला आधी थोडं उघड्यावर पडल्यासारखं झालं, मग एकदम ऐसपैस वाटायला लागलं.

सत्तावीस नंबरचं नाव रेणुका. मुखेडपासून आत एका गावात तिचं सासर. कोरडवाहू शेती, विहीर आहे पण दिवाळीनंतर तळ दिसतो. अंगणात बाजेवर जुनं लुगडं पसरून त्यावर काहीतरी काळपट हिरवं वाळत घातलं होतं. मला वाटलं गवती चहा. मी काही विचारलं नाही, हे आता आठवलं की माझीच मला चीड येते.

रेणुकाची सासू कलाबाई बाहेर आली. उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू. मृणालला तिने लगेच ओळखलं, हाताला धरून आत नेलं, गूळ-पाणी दिलं. रेणुका कुठे आहे विचारल्यावर मात्र चेहरा बदलला.

"माहेरी लावून दिली. जळकोटच्या पल्याड. सातवा लागला."

"तब्येत बरी आहे ना?"

"कशाची बरी? खातच न्हाई बाई ती. मी वरडून वरडून थकले. पयलं लेकरू असंच गेलं आमचं. एवढंसं जन्मलं, पंधरा दिस न्हाई काढले. आन् तुमच्या कागदातबी तेच लिवलंय की."

ती उठली, देवळीतून एक प्लास्टिकची पिशवी आणली, तिच्यातून घडी केलेला कागद काढला. मृणालच्या फॉर्मची ती प्रत होती. प्रत्येक घरी एक ठेवायची पद्धत होती. मृणालचं गोल, नीटस अक्षर. माळवं : नाही. फळं : नाही. दूध : नाही. आहार अपुरा.

"लेकाकडून वाचून घेतला," कलाबाई म्हणाली. "चार बायांतबी सांगितलं, बघा, पुन्याच्या डॉक्टरनीनं लिवून दिलंय. मी काय वाईट बोलत व्हते का? रेणुकाला म्हनलं, ह्या खेपेला कायबी झालं तर तिकडंच ऱ्हा. माझ्या दारात पुन्हा येऊ नगंस."

हे ती रागाने बोलली नाही. पंधरा दिवसांचं नातवंड तिच्याही मांडीवर होतं. पण बोलणं बोलणं असतं, आणि त्या बोलण्याखाली सही मृणालची होती. मृणाल पांढरीफटक पडली. मी डॉक्टर नाही, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

बाहेर आल्यावर जीपमध्ये बसून ती रडली. खलीलभाईंनी आरसा दुसरीकडे वळवला. मी तिची समजूत काढली नाही, कारण मी स्वतःच मनात हिशेब मांडत होते. आत्तापर्यंत प्रश्न एका ट्यूबचा होता. आता ती ट्यूब खरंच रेणुकाची नसेल, तर कलाबाई बरोबर होती, आणि सातवा महिना लागलेली ती मुलगी खरोखर उपाशी होती. ट्यूब तिची असेल, तर आम्ही तिला कागदावर उपाशी ठरवून घरातून घालवलं होतं.

"सकाळी तिच्या माहेरी जाऊ," मी म्हटलं. "रक्त पुन्हा घेऊ."

"उद्या येळवस हाय," खलीलभाई म्हणाले. "उद्या तुम्हाला घरात माणूस न्हाई गावणार, बाई. पण चला. माणूस कुठं गावतं, आपल्याला ठाऊक हाय."

येळवस

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर जिल्ह्यात आणि आजूबाजूला या दिवशी गाव कुलूप लावून शेतात जातं. मला हे ऐकून खरं वाटलं नव्हतं. रेणुकाचं माहेर गाठलं तर गल्लीत दोन कुत्री आणि एक कोंबडा. मृणाल फाईल घेऊन दारोदार हाका मारत होती आणि प्रत्येक दाराला कुलूप. खलीलभाईंनी जीप सरळ शेताकडच्या पांदीत, गाडीवाटेत घातली.

शेताच्या मध्यावर कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी केली होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, हळदकुंकू, नैवेद्य. बायका, माणसं, पाहुणे, लेकरं सगळी हरभऱ्याच्या बांधावर. एकजण मडक्यातलं आंबील, म्हणजे ज्वारीच्या पिठाचं ताक, पिकावर शिंपडत होता आणि मोठ्याने काहीतरी ओरडत होता. अर्थ विचारला तर म्हणाला, "कानडी हाय म्हनत्यात. आमी नुस्तं वरडतो. वावराला कळतंय."

रेणुकाच्या वडिलांनी आमची नावंसुद्धा न विचारता पत्रावळ्या मांडल्या. "येळवशीला रानात आलेलं माणूस उपाशी जात न्हाई. आधी जेवा, मग काय काम असंल ते सांगा."

आमच्याकडे पाहुण्याला आधी 'कुठले तुम्ही, कुणापैकी' असं विचारतात, पाणी त्यानंतर. ही पद्धत मला फार आवडली. खलीलभाई तर आधीच मांडी घालून बसले होते. दर साल कुणाच्या ना कुणाच्या रानात त्यांची येळवस होतेच, असं ते म्हणाले.

आणि काय जेवण! बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, गाडगंभर आंबील, आणि या सगळ्यांची राणी भज्जी. ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणे, वालाच्या शेंगा, पातीचा कांदा, आणखी मला ओळखू न आलेल्या कितीतरी गोष्टी चिंचेच्या कोळात शिजवून बेसन लावलेली. रंगाने हिरवट तपकिरी, दिसायला अगदीच साधी, आणि चव अशी की मी बोलणं बंद केलं. माझ्या नात्यातल्या लोकांना विचारा, हे किती वेळा घडतं.

वाढायला आलेली मुलगीच रेणुका होती. सावळी, बारीक, पोट नीट वर आलेलं, हालचाली चटचट. मृणालला पाहिल्यावर तिच्या हातातला डाव थांबला.

"ताई, अजून काय लिवायचं ऱ्हायलंय का?"

मृणालने फाईल पाठीमागे धरली. मग मीच म्हटलं, "लिहायचं नाही, विचारायचं आहे. या भज्जीत काय काय आहे?"

तिने बोटांवर मोजत नावं घेतली. दहाव्या नावाला मी थांबवलं. "आणि एरवी काय खातेस?"

"एरवी काय, भाकर-चटणी. आज सण हाय म्हनून."

झालं, माझ्या मनात आलं. भाकरी-चटणी. ट्यूब बदललीच होती.

जेवणानंतर ती म्हणाली, चला, तुम्हाला रान दाखवते. आम्ही हरभऱ्यातून निघालो. ती पुढे, मी मागे, मृणाल त्यामागे. बोलता बोलता रेणुका वाकायची, हरभऱ्याचा कोवळा शेंडा खुडायची, तोंडात टाकायची. चार पावलांवर पुन्हा. करडईच्या ओळीपाशी तिने दोन कोवळी पानं अशी काढली की मीही हात घातला, आणि माझ्या बोटात कच्चकन काटा मोडला. करडई वाढली की काटेरी होते, हे त्या दोन पानांनी मला सांगितलं नव्हतं. ती खुदकन हसली, काटा काढला, आणि बांधावरची एक जमिनीसरपट पानं पसरलेली भाजी उपटून ओच्यात टाकली.

"ही पाथरी. कच्चीच खायची. कांदा, शेंगदाण्याचं कूट. लई ग्वाड."

तोवर तिचा ओचा निम्मा भरला होता. माझ्या डोक्यात कुठेतरी काहीतरी खटकन जागेवर बसायला लागलं.

"रेणुका, हे रोज खातेस?"

"हे व्हय? हे काय खाणं हाय का? तोंडाला चाळा."

"आणि पावसाळ्यात? मृणाल आली होती तेव्हा?"

"भादव्यात कुंजरा असतो की. तांदुळजा, घोळ. खुरपायला गेलं की ओच्यात येतंच. त्याबिगर कोरड्यास कशाचं करायचं?" कोरड्यास म्हणजे भाकरीशी लावून खायचं जे काही ते.

मृणाल जागीच उभी राहिली. "मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?"

रेणुकाने तिच्याकडे अगदी सरळ बघितलं.

"ताई, तुमी माळवं इचारलं. माळवं म्हंजी मळ्यातलं. वांगं, भेंडी, गवार. आमच्यात मळा कुठाय? हिरीला पानी न्हाई. बाजारातून आणलं तर माळवं. हे तर तण हाय, खुरपताना निघतंय. तुमी तण खाते का म्हनून कुठं इचारलं?"

मी बांधावर बसले आणि हसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुण्याच्या छापील फॉर्ममध्ये 'भाजीपाला' असा शब्द होता. मृणालनेच तो खोडून 'माळवं' केला होता, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की इकडे भाजीला माळवं म्हणतात. स्थानिक शब्द वापरला म्हणून पुण्यात तिची पाठ थोपटली गेली होती. शब्द इथलाच होता, पण त्याला कुंपण होतं, आणि रेणुकाचं सगळं खाणं कुंपणाबाहेर उगवत होतं. आमच्या रत्नागिरीत टाकळ्याची जुडी मिळाली तरी आम्ही शेजारी वाट्या फिरवतो, चार दिवस त्याच्या गोष्टी सांगतो. ही मुलगी त्याच्या दहापट खात होती आणि ते तिला सांगण्यासारखं वाटतच नव्हतं.

पण माझ्यातली लॅबवाली अजून गप्प बसायला तयार नव्हती. बोलणं झालं, आता रक्त. खलीलभाईंनी जीपची मागची फळी उघडली, शेवयाची मशीन तिला आवळून बसवली. मृणालने रक्त घेतलं आणि ट्यूबला लगेच चांदीचा कागद गुंडाळला. पाल्याचा तो पिवळा रंग उजेडाने उडतो, म्हणून. "चाकलेटावानी गुंडाळून राहिल्यात," कुणीतरी बाई म्हणाली. मी दांडा धरला आणि फिरवायला लागले. सगळं रान भोवती गोळा झालं. माझा हात भरून आला तसा रेणुकाच्या वडिलांनी दांडा घेतला. रहाटाची सवय असलेला हात, एकसारखा, एकदाही धक्का न देता त्यांनी तो फिरवला. आमच्या लॅबमध्ये असा माणूस मिळाला असता तर मी त्याला जाऊ दिलं नसतं.

ट्यूब काढली, कागद क्षणभर सरकवला आणि सावलीत धरली. खाली लाल, वर पाणी. एरवी हे पाणी वाळलेल्या गवताच्या काडीसारखं फिकट असतं. हे हळदीचं बोट बुडवल्यासारखं होतं. अशा वेळी पहिली शंका काविळीची येते; पण तिचे डोळे पांढरे स्वच्छ होते आणि भादव्यातली काविळीची तपासणीही चांगली आली होती. पक्का आकडा पुण्याहून येणार होता. माझ्या डोळ्यांना मात्र आकड्याची गरज नव्हती.

"तुझीच आहे," मी म्हटलं. "दोन्ही वेळची तुझीच."

तिला काही कळेना, तेव्हा मृणालने नीट समजावून सांगितलं. दवाखान्यातल्या गोळ्यांनी रक्तात काही गोष्टी वाढतात, पण हा पिवळा रंग त्यांतल्या कुठल्याच गोळीत नाही. तो फक्त खाल्लेल्या पाल्यातून येतो. आणि तुझ्यात तो सगळ्यांहून जास्त आहे.

"म्हंजी माझ्या रगतात भाजी हाय?"

"आहे."

"कागदात लिवलंय ते खोटं?"

"ते चुकलं," मृणाल म्हणाली. "माझं चुकलं."

सगळंच गोड नव्हतं, तेही सांगितलं. बी-बारा कमी होतं. माहेरी म्हैस होती पण दूध सगळं डेअरीला जायचं. वडील मान खाली घालून म्हणाले, "आजपासून एक गिलास हिचा." लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या, तपासणीला जायचं, हेही सांगून झालं. रेणुका ऐकत होती पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"त्यो कागद फाडून टाका," ती म्हणाली.

"फाडायचा नसतो," मी म्हटलं. चौतीस वर्षांची सवय. "रिपोर्ट चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, बाजूला खरं लिहायचं आणि सही करायची. चूकही दिसली पाहिजे."

ओच्यातली पाथरी तिने घट्ट धरली होती.

"मग खोडा. पर आत्याबाईंच्या म्होरं खोडा. आन् चूक कुणाची ती बी लिवा." आत्याबाई म्हणजे कलाबाई, तिची सासू.

लातूर

ट्यूब त्याच दिवशी गोठवायची होती, म्हणून लातूरचा मोठा दवाखाना गाठला. संध्याकाळी शहर बंद. एवढं मोठं बाजाराचं गाव, आणि शटरमागून शटर खाली, कारण दुकानदारसुद्धा कुणाच्या तरी रानात जेवत होते. जगात कुठे शहर वर्षातून एकदा शेतावर परत जातं का मला माहीत नाही. मी तरी पहिल्यांदा पाहिलं आणि मनातल्या मनात नमस्कार केला. हॉटेलं बंद असली तरी आमचं काही अडलं नाही. रेणुकाच्या आईने भज्जीचा मोठा डबा दिला होता. लॉजच्या पलंगावर वर्तमानपत्र पसरून आम्ही तिघांनी तो पुसून खाल्ला.

मृणालने फाईल उघडली. कोरडवाहू घरांतला जवळजवळ प्रत्येक फॉर्म तसाच होता : माळवं नाही, माळवं नाही. "ह्या सगळ्यांकडे पुन्हा जावं लागेल," ती म्हणाली. तक्रार नव्हती, उलट तिच्या आवाजात किती दिवसांनी हुरूप आला होता.

पुन्हा मुखेड

दुसऱ्या दिवशी अहमदपूरवरून परत मुखेड. कलाबाई अंगणात होती. आम्ही बसलो, मृणालने कागद मागितला आणि तिच्यासमोर 'आहार अपुरा' वर एक रेघ मारली. बाजूला लिहिलं आणि मोठ्याने वाचलं : "प्रश्न चुकीचा विचारला होता. चूक माझी. रेणुका पालेभाजी भरपूर खाते. दूध कमी पडतं." खाली सही.

कलाबाईने ते दोनदा वाचायला लावलं. मग ती बाजेच्या कडेवरून हात फिरवत राहिली.

"मग पयल्या टायमाला ती उपाशी न्हवती?"

"ते आम्हाला नाही सांगता येणार," मी म्हटलं. "तेव्हाचं रक्त आमच्याकडे नाही. पण या वेळी उपाशी नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी बघून आले."

"मी लई बोलले तिला," कलाबाई म्हणाली. पदर डोळ्याला लावला नाही, तसाच हातात धरून बसली. "रानात माझ्या संगंच तर असायची. खुडायची, खायची. मीबी खायचे. मला का न्हाई सुचलं सांगायचं?"

आम्हालाही विचारायचं सुचलं नव्हतं.

आम्ही उठलो तशी ती म्हणाली, "तिला फोन लावून सांगा. बारसं झालं की मी सोता येते म्हनावं न्ह्यायला. दुसरं कुनी न्हाई येनार, मीच येते."

मग तिने लुगड्यावर वाळत घातलेला तो पाला हाताने गोळा केला. कडकडीत वाळला होता, हातात चुरत होता. तो गवती चहा नव्हता, हरभऱ्याची भाजी होती. उन्हाळ्यात रान मोकळं होतं, खुडायला काही राहत नाही, तेव्हा भिजवून शिजवायला. दर साल करते, ती म्हणाली. पण यंदा दुप्पट केली होती. माहेरी पाठवताना एवढं बोलून झाल्यावर, कुणासाठी दुप्पट केली होती ते तिला विचारायची मला हिंमत झाली नाही. डबा भरला, झाकण लावलं, आणि तो मृणालसमोर धरला.

"ताई, हे तिच्यासाठी हाय. हे माळवं न्हाई. हे धरता का तुमच्या कागदात?"

मृणालने माझ्याकडे बघितलं.

"धरतो," मी म्हटलं. "आता धरतो."

मृणाल तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रेणुकाच्या नावाखाली लिहू लागली. कलाबाईला वाचता येत नव्हतं, पण शेवटचं अक्षर होईपर्यंत ती डबा हातात घेऊन कागदाकडे बघत उभी राहिली.